नेरुळच्या मैदानात आम्ही दोघे

६ डिसेंबरच्या आधीच्या आठवड्यात धाकट्या लेकीचा फोन आला. म्हणाली, "आई, १८ जानेवारीला शनिवार आहे. त्या दिवशी कुणाचं लग्न, साखरपुडा, काही धरू नका. तुम्हा दोघांना नेरुळला यायचंय." आम्हांला वाटले, पोरीने नवी खोली बघितली असेल. म्हणून विचारले, कितव्या मजल्यावर आहे? ती हसायलाच लागली. "खोली नाही गं, कोल्डप्ले!"

गोष्ट २०२४ च्या शेवटाची. तोवर हे नाव आमच्या कानावरून गेले नव्हते असे नाही. २२ सप्टेंबरला या कार्यक्रमाची तिकिटे निघाली, तेव्हा एका दिवशी एक कोटीहून जास्त लोक तिकिटासाठी कॉम्प्युटरवर रांगेत उभे होते. पुढे तिकिटांचा काळा बाजार झाला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. पेपरात ते वाचून आम्हीच म्हणालो होतो, लोकांना पैसा जास्त झालाय. अडीच हजारापासून पस्तीस हजारापर्यंत तिकीट! आता आमचीच लेक त्या एक कोटीत होती हे कळले. तिला आणि जावयांना तेव्हा दोन तिकिटे मिळाली. पुढे २२ नोव्हेंबरला कमी पैशांची थोडी तिकिटे निघाली. एकाचे दोन हजार, घ्यायची तर जोडीनेच, आणि जागा कुठे ते तिकीट हातात पडल्यावरच कळणार. ती जोडी तिने आमच्यासाठी घेतली.

चार हजार रुपये. आमच्या घरात त्यात महिन्याचा किराणा येतो. आम्ही फोनवर बोललोही. लेक म्हणाली, "आई, पप्पांसाठी घेतलंय. तू फक्त सोबत ये."

पप्पांसाठी! वाचकहो, हसू नका. आमच्या ह्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, आणि पोरीने गाण्याचे तिकीट काढले होते.

ह्यांचे कान गिरणीने नेले. १९७७ साली वयाच्या विसाव्या वर्षी हे बदली कामगार म्हणून साचेखात्यात लागले. आमच्या सासऱ्यांची सगळी उमर रिंगखात्यात गेली. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. तुटलेला धागा धोट्यातून ओढताना तोंड लावावे लागे, आणि आपले तोंड लागलेला धोटा दुसऱ्यांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तरी दार उघडायला पुढे कितीतरी वर्षे गेली. म्हणून ह्यांना साचे मिळाले त्या दिवशी सासऱ्यांनी चाळीत पेढे वाटले. दोनशे साचे एका छपराखाली एकदम चालतात तेव्हा काय होते ते त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी पेढे वाटलेच असते म्हणा.

मधली संपाची वर्षे सोडली तर ह्यांनी एकवीस वर्षे त्या आवाजात काढली. गिरणी बंद पडली, मग वॉचमनची नोकरी केली. कानाचे आम्हांला हळूहळू कळत गेले. आधी चहा उकळल्याचा आवाज गेला, मग चिमण्या गेल्या, मग दाराची बेल. मग आमची हाक गेली. नात बोबडे बोलू लागली तेव्हा हे नुसते तिच्या तोंडाकडे बघून हसायचे. आणि जिथे आवाज नाही तिथे रात्रंदिवस कानात शिट्टी वाजते म्हणायचे.

२०१९ साली वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत ह्यांचे कान तपासून घेतले. तिथल्या बाईंनी कागदावरची रेघ दाखवून समजावले. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. गोंगाटाने त्या मरतात, पुन्हा उगवत नाहीत, आणि बारीक, उंच आवाजाच्या पेशी आधी मरतात. म्हणून बायकांचे, पोरांचे आवाज आधी जातात. स, श, च, फ ही अक्षरे गळतात. जाड, खालचा आवाज शेवटपर्यंत राहतो. "तुमच्या ह्यांना ढोल कळेल, पण तुम्ही स्वयंपाकघरातून काय म्हणता ते कळणार नाही," असे त्या म्हणाल्या. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कारखाना कायद्याच्या यादीत कामामुळे होणारा आजार म्हणून लिहिलेला होता, हेही आम्हांला तेव्हाच कळले. गिरणीचा भोंगा बंद होऊन तोवर एकोणीस वर्षे झाली होती. ज्या भगिनींच्या घरी कुणी लूमवर, प्रेसवर, जनरेटरवर कामाला आहे त्यांनी एकदा तरी त्यांचे कान तपासून घ्यावेत, एवढे जाता जाता सांगतो.

मशीन मिळाले. पण मशीन सगळेच आवाज मोठे करते. चार माणसांत ताटवाट्या, पंखा, खुर्च्या सगळे एकदम डोक्यात शिरते. म्हणून हे मशीन खिशात ठेवायचे आणि चार माणसांत जाणेच टाळायचे. आम्हांला त्याचे दुःख जास्त. कारण हा माणूस गाण्याचा होता. तरुणपणी चाळीच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचा. वामनदादा कर्डकांचा कार्यक्रम असला की हे पाळी बदलून जाणार. कव्वालीचा सामना पहाटेपर्यंत चालला तरी सतरंजी सोडणार नाहीत. आणि आता १४ एप्रिलला वस्तीत गाण्याचा मंडप पडला की हे मागच्या गल्लीतल्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. सहा वर्षे असे चालले होते. गाण्याचे शब्द कळत नाहीत आणि शेजारचा काही विचारतो, मग चुकीचे उत्तर जाते आणि पोरे हसतात.

एकदा लेक माहेरी आली असताना कानाला मोठे हेडफोन लावून बसली होती. ह्यांनी खुणेने विचारले, काय ऐकतेस? तिने ते काढून ह्यांच्या कानावर चढवले, पण आवाज वाढवला नाही. हे बराच वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "खाली कुणीतरी ढोल वाजवतंय." तेवढ्यावर पोरीने तिकीट काढले.

१८ तारखेला दुपारी आम्ही गोवंडीहून पनवेलची गाडी पकडली. डब्यात गर्दी होती, पण रोजची नव्हे. काळे टी-शर्ट घातलेली पोरे-पोरी, गालावर चांदण्या, डोळ्यांच्या कडेला चमकी. मानखुर्दनंतर गाडी खाडीपुलावर आली तेव्हा पोरांनी डब्यातच गाणे सुरू केले. ह्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि आम्ही निळ्या काठाची साडी नेसलो होतो. एका पोरीने उठून आम्हांला जागा दिली आणि विचारले, "आजी, कुठे उतरणार?" आम्ही म्हणालो, "नेरुळ. कोल्डप्ले." तिने तोंडावर हात ठेवला. मग सगळ्या डब्याला आमची बातमी गेली.

नेरुळला उतरल्यावर नुसता लोंढा. आम्हांला चैत्यभूमीची सवय आहे, दादरच्या पुलावर चेंगरून चालण्याची सवय आहे, त्यामुळे गर्दीची भीती वाटली नाही. फरक एवढाच की इथे कुणाच्या डोक्यावर बोचके नव्हते आणि कुणी कुणाला "सांभाळून या हो" म्हणत नव्हते. लेक-जावई तिकीट घेऊन गेटापाशी उभे होते. आमची जागा वरच्या मजल्यावर निघाली, त्यांची खालच्या, आणि दोघांची गेटे वेगळी. जावयांनी आम्हांला फोमचे पिवळे गोळे दिले. बोटांत वळून बारीक करायचा, वरून कान ओढायचा आणि आत सरकवायचा. तो आत फुगून बसतो. "मामा, मामी, कार्यक्रम सुरू झाला की घालायचेच. कापसाने काही होत नाही." ह्यांचे उरलेसुरले ऐकणे तरी जपायला हवे, म्हणून ते त्यांनी आधीच कुणा जाणकाराला विचारून आणले होते. पुढच्या आठवड्यात हेच लोक अहमदाबादला गायला गेले, तेव्हा लहान मुलांना कान झाकल्याशिवाय आणू नका, अशी नोटीस तिथल्या बालसंरक्षण कार्यालयाने काढल्याचे पेपरात आले.

आमच्या गेटावर घोटाळा झाला. आम्ही रांगेत पुढे गेलो तर तिथला कोवळा सिक्युरिटीवाला पोरगा म्हणाला, "मावशी, हाऊसकीपिंगचं गेट पलीकडे आहे. इथून नाही जायचं." त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. त्याने आमच्या साडीकडे, हातातल्या पिशवीकडे बघितले आणि त्याला जे वाटले ते तो म्हणाला. हाऊसकीपिंगचे काम हलके, असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या गल्लीतल्या चार जणी त्याच कामाला जातात. पण पायाखालची जमीन थोडी हललीच. आम्ही काही न बोलता तिकिटे पुढे केली. तो ओशाळला, "सॉरी मावशी" म्हणाला. ह्यांनी विचारले, "काय म्हणाला?" आम्ही म्हणालो, "गेट कुठलं ते सांगितलं."

पुढे पिशवीची तपासणी. डबा आत नेता येणार नाही, बाटली नाही. चपात्या, वांग्याची भाजी आणि ठेचा, सगळे सकाळी उठून केलेले. टाकून द्यायचे? आम्ही रांगेतून परत फिरलो, फुटपाथवर बसलो आणि जेवायला लागलो. ऊन कलले होते. शेजारी तीन-चार पोरे उकिडवी बसली होती, थेट गुवाहाटीहून आलेली. त्यांना विचारले, जेवलात का? मग काय, चपात्या पुरल्या नाहीत. ठेच्याने एकाच्या डोळ्यांत पाणी आले, पण त्याने बोटे चाटून पुसली. मोकळा डबा तिथल्याच एका पानवाल्याकडे ठेवला. रात्री येऊन घेऊ म्हटले, आणि रात्री तो खरोखर मिळाला.

हे मैदान २००८ साली उघडले. छपराला आत खांब नाहीत, त्यामुळे कुठेही बसा, पुढचे दिसते. याच मैदानावर पुढे २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. तेव्हा टीव्हीसमोर बसून आम्ही गल्लीला सांगत होतो, "ती बघा, ती आमची जागा!" त्या दिवशी मात्र पायऱ्या चढताना गुडघे बोलू लागले. खुर्चीवर टेकलो आणि खाली बघितले, तर माणसेच माणसे. आमच्या आसपास पंचविशीच्या वरचे कुणी दिसेना. उजवीकडे पुण्याची दोन भावंडे, डावीकडे एकटीच आलेली एक मुलगी.

दारातच प्रत्येकाला मनगटात घालायला एक पट्टा दिला होता. त्यात बारीक दिवे असतात आणि ते दुरून, तारेविना, कार्यक्रमवाल्यांच्या इशाऱ्यावर पेटतात. पट्टा वनस्पतीपासून केलेल्या प्लॅस्टिकचा, परत द्यायचा, पुन्हा वापरायचा. या दौऱ्यात लोक सायकल मारतात, ठरावीक फळ्यांवर नाचतात, आणि त्यातून निघणारी वीज साठवतात, हेही लेकीने सांगितले होते. ह्यांना ते लिहून दाखवले तेव्हा हे म्हणाले, "गिरणीत आम्ही साच्यांपुढे एकवीस वर्षं नाचलो. ती वीज कुणी साठवली?"

आधी जसलीन रॉयल आणि आणखी कलाकार गाऊन गेले. मग अंधार पडला आणि ते चौघे आले. त्याच क्षणी सगळ्या मैदानातले पट्टे एकदम पेटले. आमच्या सुरकुतलेल्या मनगटावरचाही पेटला. पन्नास हजारांच्या घरातली माणसे आणि प्रत्येकाच्या हातात एक दिवा. आम्ही नेहमी लांबून बघणाऱ्यांतले. १९९६ च्या नोव्हेंबरात मायकेल जॅक्सन अंधेरीला आला, तेव्हा पेपरातले फोटो बघून भागवले होते. इथे आपल्या हातातल्या दिव्यावाचून तेवढी एक जागा काळी राहिली असती, असे वाटले.

आणि आवाज! फोम घालूनसुद्धा छातीत कुणी आतून बुक्क्या मारतेय असे वाटत होते. आम्हांला काही उमजेना. इंग्रजी कळत नाही, सूर कळत नाही, डोळ्यांपुढे रंगीत दिवे, आगीचे लोळ, वरून कागदाचे तुकडे, प्रेक्षकांवरून उडणारे मोठमोठे फुगे. सगळे उभे राहिले की आम्हांलाही उभे राहावे लागे, बसलो की नुसती पाठ दिसे. खरे सांगायचे तर पहिला अर्धा तास आम्ही घड्याळ बघत होतो. दहाला संपणार असे जावई म्हणाले होते.

मग ह्यांच्याकडे लक्ष गेले. ह्यांनी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही तळवे टेकवले होते. डोळे मिटलेले. बोटे हलत होती. आम्ही खांद्याला हात लावला तसे डोळे उघडून हे मोठ्याने म्हणाले, "सगळं येतंय! हातातून येतंय!" ते आम्हांला ऐकू आले नाही. ओठांवरून कळले.

आणखी एक गंमत झाली. त्या आवाजात कुणालाच कुणाचे ऐकू येत नव्हते. पुण्याची भावंडे एकमेकांच्या कानात बोंबलत होती आणि तरी "काय? काय?" करत होती. डावीकडची मुलगी आम्हांला काहीतरी विचारत होती, आम्ही नुसती मान हलवली. त्या सगळ्या मैदानात ज्याला बोलता येत होते असा आमच्या बाजूला एकच माणूस होता.

साचेखात्यात कुणी तोंडाने बोलत नसे. दोनशे साचे चालू असताना बोलून उपयोग नाही. तिथे हातांची भाषा असे. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. दोन बोटे जोडून झटकन फाकवली की धागा तुटला. मिशीला पीळ दिला की जॉबर आला, सावध! दोन मुठी आळीपाळीने पुढे-मागे केल्या की साचा चालू ठेव, थांबवू नको. लग्नानंतर दहा बाय दहाच्या खोलीत सासू-सासऱ्यांसमोर हे आमच्याशी याच भाषेत बोलायचे, म्हणून आम्हांलाही ती थोडी येते. कित्येक वर्षांत वापरली नव्हती. ह्यांचे कान गेल्यावर आम्ही मोठ्याने ओरडत राहिलो, खुणा कराव्यात हे सुचलेच नाही. का सुचले नाही कोण जाणे. ओरडताना बाहेरच्यांना भांडण वाटायचे.

ह्यांनी खुणेने विचारले, बरी आहेस ना? आम्ही खुणेने सांगितले, गुडघे दुखतात. हे म्हणाले, बस, मी उभा राहून बघतो आणि तुला सांगतो. आणि खरोखर सांगू लागले. आता गाणारा पळत पुढे आला. आता पेटीवर बसला, म्हणजे पियानोवर. आता एका बाहुलीबरोबर गातोय. पुण्याची भावंडे बघत राहिली. त्यांतल्या मुलाने विचारले, ही कुठली साइन लँग्वेज? आम्ही त्याच्या कानात ओरडलो, "गिरणीची!"

मग त्यालाही नाद लागला. मध्येच गाणारा काहीतरी बोलला आणि सगळे मैदान हसले. ह्यांनी त्या मुलाकडे बघितले. मुलाने क्षणभर विचार केला आणि जागच्या जागी बुमराहची ती अडखळती धाव आणि ताठ हाताची गोलंदाजी करून दाखवली. हे खूश. बुमराह पाठीमागे थांबलाय, त्याला आता गोलंदाजी करायची आहे, अशी काहीतरी थट्टा गाणाऱ्याने केली होती, ते आम्हांला नंतर कळले. ज्या विनोदाला सगळे हसतात त्याला त्याच वेळी हसायला मिळणे, हे ह्यांच्या नशिबी फार दिवसांनी आले होते.

एक गाणे असे लागले की सगळे पट्टे पिवळे झाले. गाण्याचे नावच 'येलो', २००० सालचे. डावीकडची एकटी मुलगी रडत होती. का, ते विचारायची सोय नव्हती. आम्ही तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने डोके आमच्या खांद्यावर टेकले. आणखी एका गाण्यात त्याने मध्येच थांबवून सगळ्यांना मोबाइल खिशात ठेवायला सांगितले. आमचा आधीपासूनच पिशवीत होता.

मनात एक विचार सारखा येत होता, तो लिहूनच टाकतो. तारीख १८ जानेवारी. १९८२ साली याच तारखेला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या दिवशी साचेखाते गप्प झाले. ह्यांना त्या शांततेत पहिल्यांदा कानातली शिट्टी ऐकू आली होती, तेव्हा अवघे पंचविशीचे वय. "चार दिवसांनी जाईल," असे म्हणाले होते. त्यांना तारीख आठवत होती का? आम्ही विचारले नाही. बोटांनी ढोलकी वाजवणाऱ्या माणसाला संपाची तारीख कशाला आठवण करून द्यायची?

दहाच्या सुमाराला संपले. बाहेर पडताना पट्टे परत घ्यायला खोकी ठेवली होती. किती टक्के पट्टे परत येतात याचा आकडा हे लोक शहरागणिक मांडतात म्हणे. ह्यांनी पट्टा काढून हळूच सदऱ्याच्या खिशात टाकला. आम्ही बघितले. हे खुणेने म्हणाले, नातीला. आम्ही म्हणालो, परत द्यायचाय. थोडी रस्सीखेच झाली. शेवटी ह्यांनी तो खोक्यात टाकला. आता नातीला काय द्यायचे म्हणून जमिनीवर पडलेले रंगीत कागदाचे मूठभर कपटे गोळा केले. तिथे निळ्या गणवेशातल्या बाया झाडू घेऊन कामाला लागल्याच होत्या. त्यांतली एक म्हणाली, "घ्या काका, चांगले बघून घ्या," आणि तिने आपल्या ढिगातले चांदणीच्या आकाराचे निवडून ह्यांच्या हातात ठेवले.

लेक-जावई भेटायला तासभर गेला, फोन लागत नव्हते. लेकीने आल्याबरोबर विचारले, "पप्पा, कसं वाटलं?" ह्यांनी उत्तर दिले नाही, तिच्या पाठीवर दोन्ही हातांनी ठेका धरला. ती तशीच उभी राहिली, हललीही नाही.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. सानपाड्याच्या पुढे हे एकदम म्हणाले, "तो पोरगा हाऊसकीपिंगचं गेट म्हणाला ना?" आम्ही चपापलो. हे म्हणाले, "अगं, एकवीस वर्षं ओठच वाचले मी." मग खिडकीकडे तोंड केले. वाशीचा पूल येईपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो. पूल आला आणि चाकांचा आवाज बदलला, तशी ह्यांची बोटे खिडकीच्या गजावर वाजू लागली.

दुसऱ्या दिवशी जावयांनी मोबाइलवर वाचून दाखवले की त्या गाणाऱ्याच्या, ख्रिस मार्टिनच्या, कानातही शिट्टी वाजते. २०१२ साली त्याने ते जाहीर सांगितले, तेव्हाच त्याला दहाएक वर्षे झाली होती. मोठ्या आवाजाने कान बिघडले, तेव्हापासून तो कानात बोळे घालून गातो. आम्ही ते ह्यांना कागदावर लिहून दिले. ह्यांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून मशीनच्या डबीत ठेवला आणि विचारले, "त्यालाही? मग रात्री झोपतो कसा?"

त्या १४ एप्रिलला वस्तीत मंडप पडला. संध्याकाळी सदरा घालून हे निघाले. आम्हांला वाटले कट्ट्यावर चालले. जाऊन बघतो तर पहिल्या रांगेत, कर्ण्याच्या शेजारी, कानात पिवळे गोळे आणि दोन्ही तळवे स्टेजच्या फळीवर. कार्यकर्त्या पोराला ते गोळे दिसले. त्याला वाटले आजोबांना त्रास होतोय. तो वाकून हाताने विचारू लागला, आवाज कमी करू का? ह्यांनी मान हलवली आणि दोन्ही मुठी आळीपाळीने पुढे-मागे केल्या. पोराला काही कळले नाही. तो आमच्याकडे बघू लागला.

"चालू ठेव म्हणतात," आम्ही म्हणालो.